दिनकरच्या हाताआडचा गोल

गेल्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी दोह्याच्या सरकारी इस्पितळात दिनकर खोत वारला. त्या वेळी तिथे आम्ही तिघे हजर होतो : मी, व्हिडिओवाला इक्बालभाई आणि दिनकरच्या कंपनीचा केरळी ड्रायव्हर. गुरुवारी रात्री कामगारांच्या कॅम्पमध्ये जेवताना त्याच्या छातीत दुखायला लागलं, ड्रायव्हरने त्याला गाडीत घातलं आणि पहाटे मला फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा तो बोलण्याच्या पलीकडे गेला होता. चाळिशीही गाठली नव्हती त्याने. परिचारिकेने नातेवाईक कोण म्हणून विचारलं. इक्बालभाईने माझ्याकडे बोट केलं आणि मी मान हलवली. ती मान हलवताना मला जी शरम वाटली, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय दिनकरबद्दल लिहिता येणार नाही. म्हणून हा लेख त्याच्या गुणगौरवाचा होईलच असं नाही.

मी सत्त्याहत्तर साली कतारमध्ये आलो. एका बांधकाम कंपनीत हिशेबाचं काम, दोह्याच्या बिन महमूद भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, वर्षभराने बायको-मुलं आली. त्यांच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमचा खिडकीतला एसी बंद पडला आणि तो दुरुस्त करायला जो मेकॅनिक आला तो दिनकर. आमची मंडळी मुलांना काहीतरी दटावत होत्या, ते ऐकून हा शिडीवरूनच म्हणाला, ‘‘वैनी, कोल्हापूरच्या का तुमी? ‘गप बस की रं’ असं दुसरीकडं कुटं म्हनत न्हाईत.’’ एसी तासाभरात सुरू झाला, पण दिनकर जेवूनच गेला. त्या दिवसापासून तो आमच्याकडे दर पंधरवड्याला यायचा. कागलजवळच्या एका गावचा, वडील लहानपणी गेलेले, आई आणि धाकटी बहीण सुमन गावाकडे. आयटीआय करून मुंबईत वर्षभर राहिला आणि तिथून एजंटामार्फत इकडे. मला तो ‘अण्णा’ म्हणायचा. घरात आला की आधी एसीसमोर उभा राहून कान द्यायचा, डॉक्टर छातीचे ठोके ऐकतो तसा. मग म्हणायचा, ‘‘ह्याला सर्दी झालीया,’’ आणि फिल्टर काढून मोरीत धुवायला बसायचा. पैसे घ्यायचा नाही. त्या बदल्यात आमच्या मंडळींनी भाकरी आणि तांबडा रस्सा करायचा, असा त्या दोघांचा ठराव होता.

बोलायला लागला की थांबायचा नाही. कॅम्पमधल्या बंगाली आचाऱ्याची नक्कल, अरबी फोरमनची नक्कल, माझीसुद्धा नक्कल. मी चष्मा वर करून पावती बघतो ती त्याने एकदा आमच्या मुलांना करून दाखवली आणि मी दारात उभा राहून पाहिली. हुबेहूब होती... सुमनचं मात्र तो चेष्टेत बोलत नसे. ‘‘बाप न्हाई तर बापाची जागा मलाच भराय पायजे न्हवं?’’ एवढंच म्हणायचा.

आता त्या मॅचकडे येतो. कोल्हापूरकडच्या माणसांना फुटबॉलचं वेड किती असतं ते तिकडच्या वाचकांना सांगायला नको. दोह्यात त्या काळी आमच्या भागातली दोनेकशे माणसं असतील. त्यातली शिकलेली माणसं बहुतेक दोनच कॉलेजांची. त्या दोन कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांची दर हिवाळ्यात एक मॅच व्हायची. एक संघ निळा, दुसरा पांढरा. मैदान म्हणजे सपाट केलेली वाळू. चुन्याच्या रेषा वाऱ्याने उडून जायच्या, म्हणून गाडीचं जळकं ऑइल ओतून काळ्या रेषा आखायच्या. रेफरी दोन्ही बाजूंचा नको म्हणून एक सुदानी व्यायामशिक्षक बोलावलेला. कप पितळी, पण त्यासाठी माणसं वर्षभर एकमेकांना टोमणे मारत. मी निळ्या कॉलेजचा. खेळाडू कधीच नव्हतो, पण समितीचा कार्यवाह म्हणून नियम, वेळ, नोंद माझ्याकडे असायची. समितीचे अध्यक्ष देसाई इंजिनिअर पांढऱ्या कॉलेजचे. आमच्या दोघांत भांडण नव्हतं, पण दोघांनाही आपण फार निःपक्षपाती आहोत असं वाटायचं. अशी दोन माणसं एकत्र आली की किती नुकसान करू शकतात, ते मी पाहिलेलं आहे.

ज्या वर्षीची गोष्ट सांगतोय त्या वर्षी इक्बालभाईने नवा व्हिडिओ कॅमेरा आणला होता. इक्बालभाई रत्नागिरीकडचा; कॅसेटी भाड्याने द्यायचं त्याचं छोटं दुकान होतं. समितीने त्याला मॅचचं शूटिंग करायला सांगितलं. पण मैदानावर त्याचा खरा धंदा वेगळाच होता. इकडे एकट्या राहणाऱ्या माणसांमध्ये तेव्हा एक नवी पद्धत सुरू झाली होती. पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि घरच्यांशी दोन-तीन मिनिटं बोलायचं. सुट्टीवर जाणारा कोणीतरी ती कॅसेट घेऊन जायचा आणि गावात कोणाकडून तरी मशीन आणून ती बघितली जायची. कॅम्पच्या खोलीतली लोखंडी खाट मागे दिसू नये म्हणून लोक मॅचचा किंवा सणाचा दिवस निवडायचे. मागे गर्दी, झेंडे, खेळ... घरच्यांना वाटावं की पोरगा मजेत आहे. इक्बालभाई सगळ्यांचं एकाच कॅसेटवर घ्यायचा आणि नंतर दुकानात ज्याच्या त्याच्या कॉप्या काढून द्यायचा.

दिनकर त्या दिवशी रांगेत होता. पंधरा-वीस दिवसांनी सुमनचं लग्न होतं आणि कंपनीने रजा दिली नव्हती. गावचा एक माणूस दहा-बारा दिवसांनी निघणार होता. मांडवात भाड्याचा टीव्ही आणि मशीन आणायचं, अक्षता पडायच्या आधी सगळ्यांसमोर दिनकरची कॅसेट लावायची, असं त्याने मामाला कळवून ठेवलं होतं. हाफटाइममध्ये त्याचा नंबर आला नाही. त्याला संध्याकाळची ड्युटी होती, कंपनीची बस येऊन उभी होती. मॅच संपायला थोडाच वेळ उरला असताना त्याने इक्बालभाईला गळ घातली आणि इक्बालभाईने, ‘‘यल्ला, पटकन बोल,’’ म्हणून कॅमेरा मैदानावरून त्याच्याकडे वळवला. दिनकर कोपऱ्यातल्या निशाणाजवळ उभा होता, पाठ मैदानाकडे. त्याच्या खांद्यामागे गोलची काळी रेषा अगदी सरळ लांबून दिसत होती. दोन्ही संघ बरोबरीत होते. त्याच क्षणी पांढऱ्यांच्या एकाने फटका मारला. बॉल वरच्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. आत आपटला की रेषेवर? सुदानी रेफरी मैदानाच्या मध्यावर, धावून धावून दमलेला. त्याने हात हलवून नाही म्हटलं. पांढऱ्यांनी त्याला घेरलं, निळ्यांनी पांढऱ्यांना घेरलं, आणि मॅच तिथेच थांबली. दिनकर एव्हाना बसमध्ये चढला होता. मागे काय झालं हे त्याला माहीतही नव्हतं.

इक्बालभाईला लोकांनी विचारलं. तो म्हणाला, ‘‘मी कॅमेऱ्यात बघत होतो, मला बॉल दिसला नाही. पण कॅसेटीत असेल.’’ हे त्याने बोलायला नको होतं; सगळ्यांसमोर बघेपर्यंत कॅसेटला कोणी हात लावायचा नाही, असं समितीने तिथेच ठरवलं. पुढच्या शुक्रवारी दुपारी, नमाज आटोपून इक्बालभाई आल्यावर, देसाईंच्या फ्लॅटमध्ये कॅसेट लागली. पंचवीसेक माणसं हॉलमध्ये, बाकीची दारात आणि जिन्यात. दिनकरलाही बोलावलं होतं, कारण कॅसेटीत तो होता. तो नवा शर्ट घालून आला, मला वाटतं त्याला थोडा मानच वाटत होता. टीव्हीवर त्याचा चेहरा आला. त्याच्या कानामागून गोलची रेषा, गोलकीपर, दांडा सगळं स्वच्छ दिसत होतं. देवाने आखून दिल्यासारखा कोन होता. फटका बसला, बॉल वर दांड्याकडे गेला... आणि नेमका त्याच वेळी दिनकरने उजवा हात वर उचलला, चिमूट धरून हवेत काहीतरी पिळलं. बॉल खाली आपटला तो त्या हाताच्या आड. हात खाली आला तेव्हा बॉल बाहेर येत होता.

‘‘परत लाव.’’ परत लावलं. ‘‘थांबव. तिथंच. अरे, पुढं गेलं.’’ परत मागे. पॉज केलं की चित्र थरथरायचं, मध्ये पांढरी रेघ यायची, आणि त्या थरथरणाऱ्या चित्रात दिनकरची चिमूट गोलच्या रेषेवर अशी बसलेली, जशी कोणी मुद्दाम झाकली असावी. कोणीतरी ओरडलं, ‘‘ए खोत, हात काय करतोयस? बल्ब बसवतोयस काय?’’

‘‘कान पिळतोय.’’

‘‘कुणाचा? रेफरीचा?’’

‘‘दाजींचा. भनीचं लगीन हाय माझ्या. नवरदेवाचा कान पिळायचा मान भावाचा असतोय. मला जायाला येत न्हाई, म्हनून हितनंच पिळला.’’

अख्खा हॉल हसला. मीही हसलो. देसाई म्हणाले, ‘‘अरे बाबा, पिळ ना. पण डाव्या हाताने पिळायचा होतास!’’ मागून एकजण म्हणाला, ‘‘कॉलेजचं तोंड न बघता कॉलेजची मॅच अडवलीस की लेका.’’ दिनकरही हसला, आधी सगळ्यांच्या बरोबर. मग परत लावलं, परत हात वर, परत हॉलमधून ‘‘हात काढ रं!’’ अशी आरोळी. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, आणि मी मोजणारा माणूस आहे. कधीतरी माझं लक्ष दिनकरकडे गेलं. तो टीव्हीकडे बघत नव्हता. भिंतीला टेकून आपल्याच चपलांकडे बघत होता. बहिणीला सांगायचं जे त्याने मनाशी जुळवून आणलं असेल, ते पंचवीस माणसं मागे-पुढे ओढत होती आणि त्यातल्या एकालाही ते नको होतं. सगळ्यांना त्याच्या मागचं हवं होतं. हे मला आज कळतं असं म्हणणं खोटं होईल. मला ते तेव्हाही कळलं होतं... मी परत टीव्हीकडे बघायला लागलो.

निर्णय झाला नाही. एका माणसाला बॉलची कड दिसली, दुसऱ्याला सावली दिसली. ठरलं असं की देसाईंच्या साहेबांकडे हळू चालणारं भारी मशीन आहे, ते आणून पुढच्या शुक्रवारी शेवटचं बघायचं. तोवर कॅसेट कोणाकडे? पांढरे म्हणाले, निळ्यांकडे नको. निळे म्हणाले, पांढऱ्यांकडे नको. शेवटी दोन्ही बाजू म्हणाल्या, अण्णांकडे. अण्णा स्वतःच्या भावाचंही ऐकणार नाहीत. मला ते फार आवडलं. मी कॅसेट डब्यात घातली, डब्याला चिकटपट्टी लावून दोन्ही कप्तानांच्या सह्या घेतल्या आणि घरच्या लोखंडी कपाटात ठेवली.

रविवारी दुकान बंद करून इक्बालभाई आला. ‘‘अण्णा, मला दोन तास द्या कॅसेट. त्या खोताची तेवढी कॉपी काढतो, परत सील करा. त्याचा माणूस मंगळवारी चाललाय.’’ मी म्हणालो, सील मोडता येणार नाही. उद्या कोणी म्हणालं कॉपी काढताना पुसलं, तर? इक्बालभाई म्हणाला, ‘‘तुमच्यासमोर काढतो. तुम्ही बसा दुकानात.’’ मी म्हणालो, दोन्ही कप्तान हजर पाहिजेत. एक कप्तान कामावर लांब दुखान गावाला गेला होता, तो गुरुवारी येणार. ‘‘मग खलास,’’ म्हणाला इक्बालभाई आणि उठला.

सोमवारी संध्याकाळी दिनकर स्वतः आला. सवयीने एसीसमोर उभा राहिला, पण कान दिला नाही. आमची मंडळी भाकरी थापायला उठल्या, त्यांना म्हणाला, ‘‘नगो वैनी, बस हाय खाली.’’ मग माझ्याकडे वळला.

‘‘अण्णा, मी काय म्हनतो, तुमी मशीनवर बसून माझं येवढंच काढून द्या. फुटबॉलचं मला नगो. माझं तोंड न्हाई दिसलं तरी चालंल, पर आवाज तरी जाऊ द्या.’’

‘‘दिनकर, माझ्या हातात असतं तर दिलं असतं. समितीचा निर्णय आहे.’’

‘‘समिती म्हंजी तुमी आन देसाई सायबच की.’’

‘‘नियम आपल्या माणसासाठी मोडला तर लोक काय म्हणतील?’’

‘‘तुमच्या मानसासाटी,’’ तो म्हणाला. ‘‘बरं.’’

गेला. मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘कपाटाची किल्ली मला द्या.’’ लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी दिली नाही. मला वाटलं होतं की कसोटीच्या वेळी मी टिकलो. त्या रात्री मला चांगली झोप लागली, हेही इथे लिहून ठेवतो. मंगळवारी दिनकरचा गावचा माणूस विमानात बसला, कॅसेटीशिवाय.

पुढच्या शुक्रवारी भारी मशीन आलं. दोन्ही कप्तानांसमोर सील मोडलं. हळू, एकेक चित्र पुढे, एकेक मागे. हात वर येतोय, चिमूट धरतोय, बॉल खाली येतोय... त्याच जागी इतक्यांदा थांबवलेली ती फीत शेवटी मशीनने गिळली. कर्र असा आवाज झाला आणि पडद्यावर मुंग्या आल्या. इक्बालभाईने झाकण उघडून ती हळूहळू ओढून काढली. तेवढा भाग सुरकुतून, फाटून गेला होता. त्याने कात्रीने हातभर तुकडा कापला आणि दोन टोकं पट्टीने जोडली. कापलेला तुकडा देसाईंच्या टीपॉयवर पडून राहिला. नंतर कोणीतरी कचऱ्यात टाकला असेल. पुरावाच संपल्यावर भांडायला काही उरलं नाही. दहा मिनिटांत ठरलं की सामना बरोबरीत, कप सहा महिने यांच्याकडे, सहा महिने त्यांच्याकडे. हे आम्ही मैदानावरच ठरवू शकलो असतो. मग मी कॅसेट इक्बालभाईच्या हातात दिली आणि म्हणालो, ‘‘आता खोताला देऊन टाका.’’ इक्बालभाईने ती पिशवीत टाकली आणि चपला घालून जिना उतरला. लग्नाला तेव्हा दोन दिवस राहिले होते. इकडून जाणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर दिनकर पाच-सहा महिने आमच्याकडे आला नाही. कॅम्पमध्ये लोक त्याला ‘कानपिळ्या’ म्हणत, आणि लांबून चिमूट करून दाखवत. मी एकदा सनाइया या कारखान्यांच्या भागातल्या त्याच्या वर्कशॉपवर गेलो. तो एसीच्या एका मोठ्या युनिटखाली आडवा झाला होता. मी हाक मारली तर आतूनच म्हणाला, ‘‘अण्णा, हात काळे हायत, नंतर येतो.’’ आला नाही. पुढच्या जुलैत आमचा एसी बंद पडला, मी दुसरा मेकॅनिक बोलावणार तोच मंडळींनी परस्पर त्याला निरोप पाठवला. तो आला, एसी दुरुस्त केला, मंडळींशी आणि मुलांशी बोलला, जेवला. माझ्याशी बोलला नाही. असं तीन-चार वेळा झालं. मग एकदा मला म्हणाला, ‘‘अण्णा, मीठ सरकवा,’’ आणि त्या दिवसापासून परत बोलायला लागला. तो विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही. त्याने मला माफ केलं असं मी समजत नाही. भाकरी, मुलं, कोल्हापूरची भाषा, एवढ्यासाठी त्याला आमचं घर लागत होतं आणि त्या घरात मी राहत होतो.

एक मात्र बदललं ते बदललंच. तो नकला करेनासा झाला. आमच्या मुलाच्या वाढदिवसाला इक्बालभाई कॅमेरा घेऊन आला की दिनकर उठून स्वयंपाकघरात जायचा. एकदा मुलांनी धरून आणलं तर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा, आणि ‘बोला की काका’ म्हटलं तर मान हलवून हसला. लग्नानंतर वर्षा-दीड वर्षाने रजेवर गेला तेव्हा ती कॅसेट बरोबर घेऊन गेला. आल्यावर मंडळींनी विचारलं, ‘‘बघितली का सुमनने?’’ ‘‘बगितली की. झकास झाली.’’ मी पेपर वाचत होतो. मला हायसं वाटलं. चला, पोचली एकदाची, असं मनात म्हणालो आणि पान उलटलं.

दिनकरचं शव कंपनीने पाठवलं. माझी रजा पंधरा दिवसांनी होती, म्हणून त्याची बॅग मी घेऊन गेलो. कागलच्या पुढे एसटीतून उतरून त्याच्या गावी पोचलो. आई खाटेवर होती, तिला धड कळत नव्हतं. सुमन माहेरी आली होती, तिचे यजमानही होते. साखर कारखान्यात काम करणारा साधा, अबोल माणूस. मी बॅग उघडून एकेक वस्तू दिली. मग सुमनने मला विचारलं, ‘‘तुमी अण्णा न्हवं? दादा तुमच्या भाकरीचं लई सांगायचा.’’ भाकरी माझी नव्हती, तरी मी मान हलवली. मग ती म्हणाली, ‘‘लग्नात मामानं कागलास्नं टीव्ही आणलता. कॅसेट आलीच न्हाई. टीव्हीचं भाडं वाया जाईल म्हनून पोरांनी मांडवात पिक्चर लावला. ह्यांचा कान चुलतभावानं पिळला. मी दादावर लई रागावले हुते. दीड वर्सानं घिऊन आला तवा बगितली आमी. ‘सुमे, रडायचं न्हाई’ म्हनतोय, आईला संबाळून घे म्हनतोय. मग म्हनतोय, ‘आन दाजी...’ आन तितनं तुटलंय. एकदम ‘येवढंच, ठेवतो’ असं म्हनतोय. मदी काय म्हनला म्हनून इचारलं तर हसला. इसरलो म्हनला. कितींदा इचारलं.’’ तिचे यजमान खाली बघत होते. ‘‘तुमी बगितलीया न्हवं अण्णा ती? तुटायच्या आदी? दादा म्हनायचा, हितं समद्यांनी लई येळा बगितली म्हनून. ह्यास्नी काय म्हनला ओ माजा दादा?’’

मला तो हात आठवत होता. कुठल्या क्षणी वर येतो, किती उंच जातो, अंगठा कसा वळतो, मनगटावरचं घड्याळ कुठे चमकतं, सगळं. ओठ हलत होते तेही आठवत होतं. पण आवाज आम्ही पहिल्याच शुक्रवारी, पहिल्याच खेपेला बंद केला होता. बॉल बघताना त्याच्या बोलण्याचा त्रास होत होता म्हणून. मी तिला तसंच सांगितलं. दुसरं काही सांगता आलं असतं, काहीतरी जुळवून, ‘बहिणीला सांभाळा’ असं म्हणाला म्हणून. ते तिने मानलंही असतं. पण दिनकरच्या तोंडी माझं वाक्य घालायचं माझ्याने झालं नाही. सुमनने दादाचा एक शर्ट घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘‘कॅमेरावाल्यानं ऐकलं आसंल की. त्यो तर म्होरंच हुता. त्याला इचारून कळवा मला.’’ मी हो म्हणालो.

परत आल्यावर पहिल्या दिवशी मी इक्बालभाईच्या दुकानात गेलो. त्याला सुमनचा प्रश्न सांगितला. तो काउंटरवरच्या कॅसेटी नीट लावत होता, त्या लावायचा थांबला.

‘‘अण्णा, तुम्हाला खरं सांगू का? तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की कॅमेऱ्यात बघत होतो, मला बॉल दिसला नाही. तुमच्या भांडणात मला पडायचं नव्हतं. माझा डोळा काचेला नव्हताच. तो बोलत होता आणि मी त्याच्या डोक्यावरून बॉल बघत होतो. त्याचं एक अक्षर माझ्या कानात गेलं नाही... पण गोल मी पाहिलाय अण्णा. या डोळ्यांनी. सांगू का?’’

मी नको म्हणालो आणि दुकानातून बाहेर आलो. सुमनला अजून काही कळवलेलं नाही.